बक्षीस भाषणाला नको, पुराव्याला द्या

शाळेच्या बक्षीस समारंभाची यादी एकदा सावकाश वाचून पाहा. इतिहासाची बक्षिसं त्यात असतातच. शिवजयंतीची वक्तृत्व स्पर्धा, पोवाडा, ऐतिहासिक वेशभूषा, निबंध, दिवाळीतला किल्ला. तेव्हा शाळेत इतिहासाला मान नाही ही तक्रार पुरती खरी नाही. मान आहे, पण तो मिळतो खणखणीत आवाजाला, पाठांतराला, फेट्याला आणि रोषणाईला. आजोबांची जुनी पगारपत्रकं तारखेनं लावून त्यांच्याबद्दल चार प्रश्न विचारणारी मुलगी, देवळामागच्या वीरगळावरचं चित्र वहीत उतरवून घेणारा मुलगा, यांच्यासाठी त्या यादीत ओळच नसते.

बक्षीस कशाला मिळतं हे मुलं फार लवकर ओळखतात आणि तेच करू लागतात. म्हणून इतिहासाची गोडी लावायची असेल, वारसा जपायची सवय लावायची असेल, तर नवा करंडक आणण्याआधी बक्षीस कशासाठी द्यायचं हे बदलायला हवं. तुम्ही शिक्षक असा, पालक असा, मंडळाचे कार्यकर्ते असा किंवा शाळेत ठेव ठेवू पाहणारे माजी विद्यार्थी असा, असा पुरस्कार एका शैक्षणिक वर्षात उभा करता येतो. कसा, ते पिंपरीच्या संत तुकाराम नगरचं उदाहरण समोर ठेवून पाहू. तुमचा परिसर वेगळा असेल तर नावं बदला, पद्धत तीच ठेवा.

आधी परिसराची यादी करा

पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘आमच्याकडे कसला आलाय इतिहास? ही कंपन्यांची नगरी.’ नगरपालिका १९७० सालची, महानगरपालिका १९८२ सालची, त्यामुळे आक्षेप पटण्यासारखा वाटतो. पण एका दुपारी चार शिक्षकांनी बसून यादी केली की तो टिकत नाही.

संत तुकाराम नगरातून निघा. हाकेच्या अंतरावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे सगळ्यांची ‘एच.ए.’. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं उभा राहिलेला हा सरकारी कारखाना. देशाला लागणारं पेनिसिलिन देशात तयार व्हावं म्हणून तो काढला, आणि पुढे हॅमायसिन हे बुरशीवरचं औषधही इथल्याच संशोधकांनी शोधून काढलं. थोडं पुढे पिंपरी कॅम्प, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी वसवलेला. शेजारून जाणारा लोहमार्ग खंडाळा ते पुणे असा १८५८ साली सुरू झाला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून दरवर्षी तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पुण्याकडे जाते. हा सोहळा तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केला असं देहूची परंपरा सांगते.

चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आणि मंगलमूर्ती वाडा आहे. मोरयांच्या देव घराण्याच्या इनामांचा आणि सनदांचा अभ्यास करून लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकानं १९८९ साली केंब्रिजहून अख्खं पुस्तक काढलं. चापेकरांचा वाडाही चिंचवडलाच. देहूरोडच्या बुद्धविहारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. चाकणला संग्रामदुर्ग आहे, आणि औद्योगिक वसाहतीला खेटून भामचंद्राचा डोंगर, तुकोबांच्या चिंतनाची जागा. मावळात कार्ले-भाज्याची लेणी आणि लोहगड. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात लोहगडही आहे.

एवढं सगळं एका वर्षी घेऊ नका. शाळेपासून पायी किंवा एका बसनं जाता येईल एवढीच हद्द पुरस्कारासाठी आखा आणि दरवर्षी एकच विषय द्या. एका वर्षी ‘आमच्या भागातला कामगार’, दुसऱ्या वर्षी ‘रस्ते आणि वाटा’, तिसऱ्या वर्षी ‘पाणी’: विहिरी, पवनेचे घाट, नळ केव्हा आले. विषय जितका आवळलेला, तितकं इंटरनेटवरून उतरवून काढणं अवघड. ‘छत्रपती शिवाजी महाराज’ असा विषय दिलात तर पन्नास मुलांकडून एकच निबंध येईल. ‘आमच्या गल्लीतलं सर्वात जुनं घर’ असा दिलात तर पन्नास वेगळे येतील.

आणखी एक काळजी घ्या. या पट्ट्यातल्या वर्गांत बीड, लातूर, जळगाव इथून आलेल्या घरांतली मुलं असतात, तशी बिहार, उत्तर प्रदेश, केरळातलीही असतात. वारसा म्हणजे फक्त इथल्या मूळ गावकऱ्यांचा, अशी समजूत झाली तर ही मुलं पहिल्याच दिवशी बाहेर पडतात. गावाहून ट्रंकेतून आलेलं दगडी जातं, आजीची गोधडी, वडिलांचं आयटीआयचं जुनं प्रमाणपत्र, कारखान्याचा पहिला गेटपास, हेही वारशातच मोजा. मुलाखत घरच्या भाषेत घ्यायला आणि मग तिचा सारांश मराठीत लिहायला परवानगी द्या.

गट तीनच ठेवा

गट वाढले की परीक्षक थकतात आणि बक्षिसाची किंमत उतरते. पाचवी ते दहावीसाठी तीन गट पुरेत.

पहिला गट नोंदीचा. एखादी वास्तू, वस्तू, शिलालेख, वीरगळ, पार, विहीर किंवा कारखान्याचं जुनं प्रवेशद्वार घ्यायचं. मोजमाप, चित्र, फोटो, आजची अवस्था आणि त्याबद्दल कोण काय सांगतं, अशी नोंद करायची.

दुसरा गट तोंडी इतिहासाचा. साठीपुढच्या एका तरी माणसाची मुलाखत. एच.ए.मध्ये किंवा टेल्को कारखान्यात आयुष्य काढलेले आजोबा, पिंपरी कॅम्पातल्या आजी, एस.टी.चे निवृत्त वाहक, वायसीएम रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. ‘तुमच्या काळी कसं होतं?’ असा मोघम प्रश्न विचारला तर उत्तरही मोघमच मिळतं. पहिला पगार किती होता, तो कशावर खर्च झाला, पाळी कितीची होती, भोंगा किती वाजता व्हायचा, संपाच्या दिवसांत घर कसं चाललं, इथे पहिल्यांदा आलात तेव्हा रस्त्याच्या पलीकडे काय होतं, असे प्रश्न मुलांना आधी लिहून काढायला लावा. मुलाखतीपूर्वी परवानगी घ्यायची. शाळेबाहेर काही दाखवायचं असेल तर ती लेखी घ्यायची. एखादी गोष्ट सांगून झाल्यावर ‘हे लिहू नको’ असं आजोबा म्हणाले, तर लिहायची नाही.

तिसरा गट जतनाचा. प्रत्यक्ष काहीतरी वाचवायचं: घरातली जुनी पत्रं लावून त्यांची सूची करणं, शाळेची जुनी हजेरीपुस्तकं आणि फोटो यांची यादी करणं, पुसत चाललेल्या फलकावरचा मजकूर उतरवून घेणं. हे काम कारकुनी आहे म्हणून त्याला कमी लेखू नका. तुकोबांचे अभंग आपल्यापर्यंत पोचले त्यात चाकणच्या संताजी जगनाडे यांच्या वह्यांचा वाटा मोठा आहे. त्या वह्यांवरूनच वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाथा छापली. नीट उतरवून घेणारा आणि ते जपून ठेवणारा माणूस किती मोठं काम करतो, हे ज्या नगराला तुकोबांचं नाव आहे तिथल्या मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही.

गुण कशाला द्याल

पुरस्काराचं खरं शिक्षण गुणांच्या तक्त्यात असतं. हा तक्ता स्पर्धा जाहीर करतानाच मुलांच्या हातात द्या. शंभर गुणांची एक वाटणी अशी करता येईल:

प्रश्न नेमका आहे का: १०
पुरावा: ४०
पडताळणी, म्हणजे एकाहून अधिक ठिकाणी तपासून पाहणं: २०
कामाची रोजनिशी: १५
मांडणी, अक्षर, चित्रं: १०
परतफेड, म्हणजे माहिती देणाऱ्याला प्रत नेऊन देणं: ५

मांडणीला दहाच गुण पाहून काही पालक नाराज होतील. पण थर्माकोल, चकाकता कागद आणि संगणकावरची छपाई पैशांनी विकत मिळते. पुरावा मात्र मुलालाच शोधावा लागतो. परदेशांतल्या ज्या शालेय इतिहास स्पर्धा अनेक दशकं टिकल्या त्यांचंही सूत्र हेच आहे. अमेरिकेतला ‘नॅशनल हिस्टरी डे’ १९७४ साली क्लीव्हलंड शहरातल्या एका विद्यापीठात सुरू झाला. तिथे प्रदर्शन करा, नाटक बसवा किंवा माहितीपट काढा, सोबत साधनांची टिपणांसह यादी आणि काम कसं केलं याचा लेखाजोखा द्यावाच लागतो. जर्मनीत राष्ट्राध्यक्ष गुस्ताव हाइनेमान आणि उद्योगपती कुर्ट क्योर्बर यांनी १९७३ साली सुरू केलेल्या स्पर्धेत मुलं आपल्याच गावाचा, आपल्याच घराण्याचा इतिहास खणतात, आणि कामाचा अहवाल त्यांनाही जोडावा लागतो.

पडताळणीला वीस गुण का, हे चापेकरांच्या उदाहरणानं मुलांना दाखवता येतं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांच्या गोळीनं प्लेग अधिकारी रँड जागीच ठार झाला, असं कितीतरी भाषणांत ठोकून दिलं जातं. जागीच मेला तो दुसरा इंग्रज अधिकारी, आयर्स्ट. रँड जखमी झाला आणि ३ जुलैला वारला. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त छापलेलं आहे, त्या काळची वर्तमानपत्रं आहेत. दोन साधनं शेजारी ठेवली की चूक सापडते. चूक सापडल्यानं चापेकर बंधूंचं मोल कणभरही कमी होत नाही, मुलाचा अभ्यास मात्र पक्का होतो. भाषणात अशी चूक टाळ्यांत वाहून जाते. या पुरस्कारात ती शोधणाऱ्याला गुण मिळायला हवेत.

लिहिताना मुलांना तीन रकान्यांची सवय लावा: काय समजलं, कशावरून समजलं, किती खात्री आहे. तिसऱ्या रकान्यात ‘आजी म्हणाली, दुसरीकडे कुठे सापडलं नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचे गुण कापू नका, वाढवा.

दिवाळीच्या किल्ल्यापासून सुरुवात करा

नवी स्पर्धा उभी करणं जड वाटत असेल तर आधीपासून असलेली स्पर्धा सुधारा. सहामाही परीक्षा संपली की सोसायट्यांच्या आवारात माती, विटा, पोती गोळा होतात, उतारावर अळीव आणि मोहरी पेरली जाते, चिखलमातीचे मावळे तटावर चढतात. मुलं स्वतःहून, हात मळवून इतिहासाशी खेळतात असे वर्षातले हेच काय ते आठ-दहा दिवस. त्याला बक्षिसंही असतात. पण परीक्षक पाहतात उंची, दिवे आणि कारंजं.

नियमात तीन ओळी वाढवा. किल्ला प्रत्यक्षातला हवा. शेजारी मुलांनी हातानं काढलेला नकाशा हवा. नकाशावरच्या पाच जागांची नावं आणि त्या कुठून कळल्या ते लिहिलेलं हवं. लोहगड केला असेल तर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे चारही दरवाजे कोणत्या क्रमानं लागतात आणि वाट अशी वळवत का नेली आहे, एवढं विचारा. विंचूकाटा नुसता लांब काढून भागणार नाही, त्या सोंडेवर पहारा का लागायचा हे सांगता आलं पाहिजे.

एक खास बक्षीस भुईकोटासाठी ठेवा. संग्रामदुर्ग इतका जवळ असून तो कुणी करत नाही, कारण त्याला डोंगर नाही आणि उंचीला गुण असतात. १६६० साली शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी हा सपाटीवरचा कोट सुमारे पावणेदोन महिने लढवला. शेवटी मोगलांनी सुरुंगानं बुरूज उडवला, तेव्हा तो पडला. डोंगर नसताना किल्ला कशाच्या जोरावर टिकतो, खंदक कशासाठी, बुरूज कुठे हवेत, हे मातीत बांधून पाहिल्यावर जितकं कळतं तितकं धडा पाठ करून कळत नाही. ज्या मुलांच्या वडिलांची बस रोज चाकणला जाते त्यांना तर नक्कीच बांधू द्या.

वर्षाचं वेळापत्रक

जून-जुलैमध्ये, पालखी रस्त्यावरून जाते त्या सुमारास विषय, हद्द आणि गुणतक्ता जाहीर करा. ऑगस्टमध्ये एक तास मुलाखत कशी घ्यावी यासाठी, एक तास जुना कागद कसा हाताळावा यासाठी द्या. दिवाळीच्या सुट्टीत मुलं गावी जातात, तेव्हा मोठी कामं होतात. १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह मधल्या तपासणीला सोयीचा: प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं बोलायचं आणि अडलेलं सोडवायचं. २६ जानेवारीला पालक शाळेत येतात, तेव्हा प्रदर्शन मांडा. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, बक्षिसं द्या. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन मोहात पाडतो, शिवाय १८९८ मध्ये दामोदर चापेकरांना फाशी झाली तीही याच तारखेला. पण एप्रिलमध्ये परीक्षा डोक्यावर असतात. त्या दिवशी विजेत्यांना चिंचवडच्या चापेकर वाड्यावर घेऊन जाणं मात्र जमेल.

परीक्षक आणि पैसा

परीक्षक तीन असावेत: दुसऱ्या शाळेतले इतिहासाचे शिक्षक, परिसरातले एक जाणते ज्येष्ठ, आणि ग्रंथपाल, वास्तुविशारद किंवा मोडी जाणणारा कुणी एक. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून काम करतं आहे. तिथल्या मोडीच्या वर्गांतून तयार झालेली माणसं शहरभर आहेत, त्यांना विचारा. समारंभाला नगरसेवकांना जरूर बोलवा, पण त्यांना परीक्षक करू नका. पालकांनीच केलेला प्रकल्प ओळखायचा तर लेखी कामानंतर पाच मिनिटांची तोंडी हवीच. तीन प्रश्न पुरतात: हे तुला कुठे सापडलं? याहून वेगळं कुणी सांगितलं का? आणखी एक महिना मिळाला तर काय शोधशील? मोबाइलवर तयार उत्तर मागवून निबंध पूर्ण केलेला मुलगा तिसऱ्या प्रश्नाला अडतो.

पैशांची अडचण असते तितकी मोठी नाही. आपल्या शाळांत स्मृती पारितोषिकांची जुनी पद्धत आहे: ठेव ठेवायची आणि व्याजातून बक्षीस द्यायचं. पण एके काळची घसघशीत ठेव आज एका वहीपुरतं व्याज देते. नवी ठेव ठेवताना हे ध्यानात घ्या. सहा टक्के व्याज धरलं तर ५०,००० रुपयांवर वर्षाला ३,००० रुपये मिळतील. म्हणून ठेवीला जोडून माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी थोडी भर घालायची असं ठरवा. रोख रक्कम देऊ नका. विजेत्याला त्याच्या विषयाची दोन चांगली पुस्तकं, वर्षाचं ग्रंथालय सभासदत्व आणि जाणकारासोबत भाज्याची लेणी किंवा लोहगड पाहण्याची संधी द्या. उरलेला निधी सगळ्यांच्या कामाच्या प्रती काढून बांधणीसाठी वापरा. ज्यांना बक्षीस नाही मिळालं त्यांचंही काम बांधलं जातं, ही गोष्ट मुलं विसरत नाहीत.

उत्साहाच्या भरात होणाऱ्या चुका

वारसा जपण्याच्या नादात तो बिघडवलाही जातो. वीरगळ, मूर्ती, शिलालेख यांना शेंदूर, तेल, ऑइलपेंट लावायचा नाही. अ‍ॅसिडनं किंवा तारेच्या ब्रशानं घासायचं नाही. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा चुना भरायचा नाही. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढला तर अक्षरं आपोआप उठतात. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये, ते पुन्हा निघत नाही. कागद सपाट ठेवावा, पिना काढाव्यात, उजेडात फोटो घेऊन मूळ प्रत घरच्यांकडे परत द्यावी.

किल्ल्यावरून, लेण्यातून खापराचा तुकडासुद्धा उचलून आणायचा नाही. पुराणवस्तू मिळवून आणणाऱ्याला गुण द्यायला लागलात तर तुम्ही मुलांना ढापायला शिकवाल. जमिनीत नाणी किंवा दागिने सापडले तर १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित स्मारकाची नासधूस हा गुन्हा आहे, आणि वारसा जपणं हे संविधानाच्या ५१-क कलमातलं आपलं मूलभूत कर्तव्य आहे. या दोन्ही गोष्टी नियमपत्रावरच छापा. पावसाळ्यात गडावर पाठवू नका, आणि एकट्या मुलाला तर कधीच कुठे नको.

घराण्याचा इतिहास लिहिताना जातीचा किंवा पराक्रमाचा दावा पुराव्याशिवाय आला, तर मुलाला चारचौघांत खोडू नका. ‘कशावरून?’ हा रकाना रिकामा आहे एवढं दाखवा. वादाच्या विषयावर दोन्ही बाजूंची साधनं मांडणाऱ्याला पडताळणीचे पूर्ण गुण द्या, मग त्याचा निष्कर्ष तुम्हाला पटो वा न पटो.

फाइलींचं पुढे काय

बहुतेक स्पर्धा इथेच मरतात. समारंभ होतो, फोटो निघतो, आणि फाइली मे महिन्यात रद्दीत जातात. मग पाचव्या वर्षीचा मुलगा पुन्हा शून्यापासून सुरू करतो. म्हणून ग्रंथालयात एक कपाट आणि एक नोंदवही आधी मिळवा, मगच स्पर्धा जाहीर करा. प्रत्येक कामाला क्रमांक, वर्ष, विषय, ज्याची मुलाखत घेतली त्याचं नाव आणि परवानगीचा कागद जोडा. स्कॅन केलेली प्रत दोन ठिकाणी ठेवा.

दुसऱ्या वर्षापासून नियम करा, की नव्या मुलानं आधीच्या निदान एका कामाचा आधार घ्यायचा किंवा ते तपासून पाहायचं. यातूनच स्पर्धेची परंपरा होते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एखादी सातवीतली मुलगी पहिल्या वर्षीच्या विजेत्याची तारीख चुकीची असल्याचं कागदानिशी दाखवेल. त्या वर्षीचं पहिलं बक्षीस तिला द्या, आणि ते देण्यासाठी व्यासपीठावर त्या जुन्या विजेत्यालाच बोलवा.